अस्वलाच्या पोटातली सरकी

आयुष्यात मी झबली शिवली, पोलकी शिवली, गॅदरिंगच्या नाटकासाठी राजाचा अंगरखा शिवला, आणि तो ऐन प्रवेशात उसवला तेव्हा विंगेत उभं राहून राजाला अंगावरच पुन्हा शिवून काढलं. अस्वल मात्र एकच शिवलं. त्या अस्वलाची आठवण निघाली की अजून माझे कान गरम होतात.

सत्तावन्न साली मी पुसदच्या एका शाळेत शिवणकामाची शिक्षिका म्हणून लागले. माहेर नेरचं, म्हणजे जिल्ह्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला आले. वर्षभर आधीच आमचा अख्खा जिल्हा मध्य प्रदेशातून उचलून मुंबई राज्यात नेऊन ठेवला होता, आणि पुढे तीन वर्षांनी तो महाराष्ट्रात गेला. एवढी उचलाउचल झाली तरी पूस नदी जागची हलली नाही आणि माझं पायमशीनही.

हेडमास्तर पुण्याकडचे. माणूस सज्जन, पण त्यांना कल्पना फार सुचायच्या आणि सुचलेली कल्पना दुसऱ्याच्या गळ्यात घालण्यात त्यांचा हातखंडा होता. मोडक्या बाकांची एक खोली रिकामी करून त्यांनी तिथे शाळेचं संग्रहालय काढायचं ठरवलं. आसपासच्या गावांना निरोप गेले की घरातलं जुनंपुराणं पाठवा. लोकांनी अडगळ काढायची ही संधी सोडली नाही. वाकड्या तलवारी आल्या, बुडाला भोक पडलेल्या पितळी दौती आल्या, कोलामांच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, एक ढोल आला, आणि कुणालाही वाचता न येणारी एक पोथी आली. हे सगळं सांभाळायला मी. कारण हेडमास्तरांच्या शब्दांत, "बाई, तुमच्याकडे सुई आहे, दोरा आहे आणि तास कमी आहेत." तिसरं कारण खरं होतं.

खोलीच्या दारावर त्यांनी सुंदर अक्षरात नियम लावले. वस्तूला हात लावू नये. वस्तू जागची हलवू नये. वस्तू उन्हात नेऊ नये, रंग उडतात. कुठल्याशा पुस्तकातून उतरवलेले ते नियम मी देवाची आरती पाठ करावी तसे पाठ केले.

एका बाजाराच्या दिवशी एक म्हातारी आली. महागावच्या बाजूच्या बंजारा तांड्यावरची. दोन्ही हातांत कोपरापर्यंत बांगड्या, कपाळावर ओढणी आणि काखेत गाठोडं. तांड्यावर तिला लहानथोर सगळे याडी म्हणत, म्हणजे आई. पुढे मीही तेच म्हणू लागले. तिनं गाठोडं सोडलं आणि मी, शिवणकामाची शिक्षिका, बघतच राहिले. ती बैलाच्या कपाळावर बांधायची पट्टी होती. निळ्या जाड कापडावर एवढं बारीक भरतकाम की टाका कुठं सुरू झाला ते शोधून सापडेना. मध्ये आरसे, कडेनं कवड्यांच्या रांगा, आणि खाली लाल लोकरीचे सात गोंडे.

"माह्या बापाच्या लदेणीचा पुढचा बैल हे बांधे," याडी म्हणाली. तिचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ नि धान्य लादून मुलूखभर फिरणारे. आगगाड्या आल्या, मोटारी आल्या, ते फिरणं थांबलं आणि ही माणसं शेती करू लागली. लदेणीतलं एवढं एकच तिच्याकडे उरलं होतं.

"मग घरी ठेवायचं सोडून इथं कायले देतेस?"

"घरी दोन सुना हायेत. मोठीले कवड्या पायजे लेकराच्या गळ्यात घालाले. लहानीले आरसे पायजे चोळीले. मी डोये मिटले का दोघी कातर घेऊन बसतीन. तुह्या इथं कुलूप हाये म्हनतात."

"हाये न."

"मंग ठेव. पन पोळ्याले मी नेईन. तांड्याच्या पुढच्या बैलाले बांधीन अन् परत आनून देईन. ह्याच्याबिगर तो बैल कधी निंगाला नाही, माह्यासमोर निंगनार नाही. जशी देल्ली तशी देशीन?"

"जशी दिली तशी," मी म्हटलं. शब्द द्यायला काय लागतं!

वस्तूला पोळ्याची रजा द्यायची हे ऐकून हेडमास्तर कळवळले. पण पट्टी त्यांनी पाहिली आणि अट मान्य केली. संग्रहालयात पाहण्यासारखं तेवढंच होतं.

अठ्ठावन्नच्या पोळ्याला पट्टी रजेवर गेली, एकोणसाठच्याही गेली. याडी पोळ्याच्या आधी यायची, घेऊन जायची, आणि पोळा झाल्यावर दुसऱ्या दिवशी आणून द्यायचं नाव नाही. चांगला महिना काढून, भादवा सरल्यावर यायची. मी नोंदवहीत दोन्ही वेळा "उशिरा परत" असं लाल शाईनं लिहिलं. पट्टी यायची तीही एका कळकट फडक्यात, कडुनिंबाच्या वाळक्या पाल्यासकट, नि वर वेखंडाचा उग्र वास. मी पाला झाडून टाकायची, वेखंडाचे तुकडे फेकायची आणि फडकं शिपाईमामांना कंदील पुसायला द्यायची. माझ्या संग्रहालयात कचरा चालत नसे.

मग अस्वल आलं.

एकोणसाठच्या दिवाळीनंतर एका शौकीन जमीनदारानं आपण मारलेल्या अस्वलाचं कातडं शाळेला भेट दिलं. गोधडीसारखी घडी घालून दिलं होतं. मुंडकं शाबूत, नाक थोडं चेपलेलं. नागपूरहून पेंढा भरणारा माणूस बोलवायची आमची ऐपत नव्हती. हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, शिवीन की. अस्वल म्हणजे काय, चार बाह्यांचा कोट.

प्रश्न आला भरायचं काय. पुण्याकडे म्हणे असल्या कामाला गवत किंवा लाकडाचा भुसा वापरतात. आमच्याकडे हा प्रश्न कुणाला पडलाच नसता. हंगाम ऐन भरात होता, कापसाच्या गाड्या सरकी काढायच्या जिनाच्या फाटकापासून पार रस्त्यापर्यंत लागलेल्या. कडबा हा बैलाच्या तोंडचा घास, तो अस्वलाच्या पोटात कोण घालणार? कापूसच भरायचा. शिपाईमामा ओळखीच्या गाडीवानाकडून दोन बोरे भरून कापूस घेऊन आले.

"बाई, सरकी काढलेली नाही हो," ते म्हणाले. "जिनातून काढून आणू का?"

मी मूठ भरून पाहिली. बीसकट कापूस, चांगला वजनदार. "राहू द्या मामा. सरकीनं वजन येईल. नाहीतर हे अस्वल वाऱ्यानं पडेल."

हे शहाणपण माझं स्वतःचं. दुसऱ्या कुणाच्या माथी मारायची सोय नाही.

चांभाराकडून आरी मागून आणली आणि आठ दिवस मी ते अस्वल शिवलं. दुहेरी टाका, मेण लावलेला दोरा. डोळ्यांच्या जागी गोट्या बसवल्या. एक हिरवी नि एक निळी, कारण पोरांकडून जप्त केलेल्यांत जोडी जमेना. पोट जरा जास्तच भरलं गेलं. अस्वल उभं राहिलं तेव्हा ते जंगलातून आल्यासारखं नाही, पंगतीतून उठल्यासारखं दिसत होतं. पण काचेच्या मोठ्या कपाटात त्याला उभं केलं आणि खालच्या वर्गातली पोरं दारातूनच किंचाळली, तेव्हा मला धन्य वाटलं.

पुढचा पावसाळा लागला आणि खोलीत किडे झाले. बारीक तपकिरी किडे, आणि त्यांच्या केसाळ अळ्या. पोथीच्या बासनाला भोकं पडली. ढोलाचं कातडं एका बाजूनं खरवडल्यासारखं झालं. अस्वलाच्या पायाशी रोज सकाळी पिठासारखी भुकटी साचे.

"बाई, अस्वल कोंडा टाकून राह्यलं," मामा झाडता झाडता म्हणाले.

"नव्या कातड्याचं पडतंच," मी म्हटलं. कातड्याबद्दल मला काय माहीत होतं? पण आता मी अस्वल शिवलेली बाई होते.

हेडमास्तर रोज विचारायचे, बाई, किडे कुठून आले? मी विचार केला. तलवार बाहेर जात नाही. पोथी बाहेर जात नाही. सगळ्या खोलीत बाहेर जाणारी वस्तू एकच. बैलाच्या घामाची, गुलालाची, तांड्यावरच्या धुळीची. उत्तर मला इतकं पटलं की पट्टी कपाटातून काढून तिच्यावर एकही किडा आहे का, एवढं पाहण्याचीसुद्धा मला गरज वाटली नाही.

पोळ्याला चार दिवस असताना याडी आली.

"याडी, यंदा नाही."

"काहून?"

"किडे झाले खोलीत. तुह्या पट्टीतून आले."

"माह्या पट्टीतून?" तिनं काचेला नाक लावून आत पाहिलं. "तुले दिसले त्याच्यात?"

"दिसाले कायले पायजे? दुसरं कोण जाते बाहेर? तलवार जाते का पोळ्याले?"

"तू शब्द देल्ला होता, बाई."

"जशी दिली तशी देईन म्हटलं होतं. म्हनूनच तं देऊन नाही राह्यली."

हे वाक्य मला त्या वेळी फार आवडलं होतं. याडीनं काचेवरून एकदा हात फिरवला, काचेवर तिच्या बोटांचे ठसे उमटले, आणि ती गेली. ठसे मी लगेच पुसले.

पोळ्यानंतरच्या बाजारात मामांना खबर लागली. "त्याइच्या बैलानं यंदा नुसता दुपट्टा बांधला होता म्हनतात. अन् म्हातारी त्या दिवशी जेवली नाही म्हनतात." मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण वाईट वाटून घेण्यापेक्षा बरोबर असण्यात जास्त मजा असते.

पट्टीची मी आता जास्तच काळजी घ्यायचं ठरवलं. मऊ पांढरं कापड धुतलं, कडक खळ दिली, इस्त्री केली, त्यात पट्टी गुंडाळली. चांगलं कुलूप फक्त मोठ्या काचेच्या कपाटाला होतं, म्हणून ती तिथे, अस्वलाच्या दोन पायांच्या मधोमध ठेवली. डांबरगोळ्यांच्या वासानं हेडमास्तरांना शिंका येत, म्हणून गोळ्या कपाटाच्या बाहेर, चारी कोपऱ्यांना मांडल्या. जणू किडे बाहेरून येणार होते, आणि दारावर गोळी दिसली की माफी मागून परत जाणार होते. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देतात म्हणतात. मी तर किल्ल्यांना इस्त्री करून दिल्या.

खंडेनवमीला तलवारींची पूजा. मुलं जमली होती, हेडमास्तर सोवळ्यात. मामांनी कपाट उघडून अस्वल जरा बाजूला सरकवायला कवेत धरलं आणि ते त्यांच्या मिठीतच फाटलं. माझा एकही टाका उसवला नव्हता, हे मी आजही अभिमानानं सांगते. कातडंच टाक्यांच्या कडेनं गेलं, कारण आतून त्याचा कागद झाला होता. पोटातून भुकटी सांडली, पोखरलेल्या सरकीची टरफलं सांडली, अळ्या सांडल्या, आणि शेवटी एक उंदरीण निघून सगळ्यांच्या देखत दाराबाहेर गेली.

"बाई," मामा कपडे झटकत म्हणाले, "हे अस्वल नाही, धर्मशाळा हाये."

हेडमास्तर निरांजन हातात तसंच धरून उभे होते. "बाई, यात काय भरलं होतं?"

"कापूस."

"पिंजलेला ना?"

मी उंदरीण गेली त्या दाराकडे पाहिलं. मामा बोलले. "गाडीवरचा. सरकीवाला. वजन पायजे होतं न, साहेब."

हेडमास्तर बाकावर बसले. मी मात्र त्यांच्याकडे पाहत नव्हते. मला ते पांढरं कापड दिसत होतं. त्याला जागोजाग भोकं पडली होती. उघडलं तर आत लाल भुकटी. सातांपैकी दोन गोंडे कसेबसे धड होते, बाकीच्यांचे नुसते दोरे लोंबत होते. कवड्या एकूण एक शाबूत. आरसे लख्ख. दोन्ही सुनांना जे हवं होतं ते सगळं उरलं होतं. याडीची पट्टी तेवढी गेली होती. मुलांच्या समोर मी रडले. तलवारींची पूजा तशीच उरकली.

दसऱ्यानंतरच्या रविवारी मी महागावकडच्या बसमध्ये बसले आणि फाट्यावर उतरून तांड्यावर चालत गेले. याडी घरासमोर ज्वारी पाखडत होती. ती उठली नाही. मी पट्टी तिच्यासमोर ठेवली. तिनं एका बोटानं गोंडे मोजले, म्हणजे जिथे गोंडे होते त्या जागा मोजल्या.

"जशी देल्ली तशी?"

"नाही याडी. किडे माह्याच अस्वलात होते. तुह्या पट्टीत नव्हते. मी न पाहता बोलली. माह्यं चुकलं."

"अस्वलात काय होतं?"

"कापूस."

"सरकीवाला?"

"हाव."

"अन् पट्टी कशात ठेवली होती?"

"धुतलेल्या कापडात. खळ देऊन."

याडीनं सूप खाली ठेवलं आणि ती अशी हसली की तिच्या बांगड्या वाजायला लागल्या. "अव पोरीहो, पाहा व! मास्तरीणबाईनं अस्वलाले सरकी चारली, अन् किड्याइले वरून खळ वाढली! सरकी तं म्हशीले चारतात व बाई!" दोन्ही सुना दारात येऊन पदरात तोंड लपवून हसल्या. मीही हसले, दुसरं काय करणार. मग याडीचं हसू एकाएकी थांबलं.

"पन माहा एक पोळा गेला," ती म्हणाली. "आता किती राह्यले मले?"

मग तिनंच सरकून जागा केली. "बस खाली. गोंडा करता येते?"

मी भावासाठी एक लाल स्वेटर विणायला घेतला होता. तो उसवला आणि चार रविवार तांड्यावर जाऊन बसले. पहिले तीन गोंडे याडीनं नुसत्या नखानं उसवून टाकले. "शिवण येते तुले. गोंडा नाही येत." त्या रविवारांत मला समजलं की भादव्यातला तो महिना उशीर नव्हता. पोळा झाला की ती पट्टी काठीनं झटकायची, भादव्याच्या कडक उन्हात आठ आठ दिवस उलटीपालटी वाळवायची, मग पाला नि वेखंड घालून बांधायची. तिच्या आईनं तसंच केलं होतं. माझ्या नोंदवहीत त्या कामाला लाल शाई होती. शेवटचा, सातवा गोंडा माझ्या हातचा वाकडाच झाला. मी उसवायला घेतला तर तिनं हात धरला. "राहू दे. बैलाले काय समजते? मले समजन." आणि पट्टी तिनं पुन्हा माझ्याच कुलपात ठेवायला दिली.

अस्वलाला आम्ही शाळेमागे अग्नी दिला. मामांचं म्हणणं होतं की इतक्या जिवांचं घर जळालं, तेरावा घालायला हवा. हेडमास्तरांनी दारावरचा "उन्हात नेऊ नये" हा नियम स्वतः खोडला. ते त्यांना जड गेलं, पण खोडला. त्यानंतर दर भादव्यात आमचं सगळं संग्रहालय पटांगणात मांडलं जायचं. कापड उन्हात, पोथी सावलीला, आणि मधोमध मी काठी घेऊन. रस्त्यानं जाणारे विचारायचे, काहून बाई, शाळा विकून राह्यले का?

याडी पुढच्या तिन्ही पोळ्यांना आली. यायची ती पहिल्यांदा मामांना विचारायची, "तुमच्या अस्वलाचं पोट बरं हाये का आता?"

चौसष्टच्या पोळ्याला ती आली नाही. मी चार दिवस आधीपासून वाट पाहिली. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकून त्यांना आमंत्रण देतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." शाळेशेजारच्या गोठ्यातून तो आवाज ऐकू आला आणि मला धीर धरवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट उघडलं, पट्टी काढली आणि बस धरली.

तांड्यावर बैल तयार होते. शिंगं रंगवलेली, अंगावर गेरूचे ठिपके. पुढचा बैल सगळ्या साजासकट उभा होता, कपाळ तेवढं रिकामं. याडी कुठं दिसेना. तिचा थोरला मुलगा पुढे आला. त्याचं डोकं भादरलेलं होतं, आणि मला कळलं.

"मले निरोप काहून नाही दिला?"

"तिनंच सांगतलं होतं, नका देऊ म्हने. मास्तरीण आपल्या मनानं येते का नाही पाहाचं हाये म्हने." तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "वाटच पाहून राह्यलो होतो तुमची."

पट्टी मीच बांधली. गाठ दोनदा सुटली. बैल शहाण्यासारखा उभा राहिला. वाकडा गोंडा बरोबर त्याच्या डाव्या डोळ्यावर आला, आणि मला याडीचं हसणं आठवून तिथंच हसू नि रडू एकदम फुटलं.

बैल तोरणाखालून जाऊन आला तेव्हा पट्टी सोडायला थोरली सून पुढे आली, जिला कवड्या हव्या होत्या तीच. कवड्यांच्या रांगांवरून तिनं एकदा बोट फिरवलं. मग पट्टी छातीशी धरून म्हणाली, "हे आता भादवाभर उन्हात राहीन, बाई. मंग मीच आनून देईन. कुलूप तुमच्याकडंच राहू द्या."